ब्रॉयलर कोंबडीचे मांस कसे वाढते? : जनुकांचे कार्य आणि कुक्कुटपालकाचे कर्तव्य

दोन शेडची हकीकत

सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर दोन शेजारी ब्रॉयलर कोंबड्यांचे पालन करतात. गेल्या वर्षी दोघांनीही बेळगावहून घाट उतरून आलेल्या एकाच गाडीतून, एकाच उबवणी केंद्राची, प्रत्येकी एक हजार पिल्ले घेतली. खाद्य एकाच दुकानातले, पाणी एकाच विहिरीचे आणि लस देणारे पशुवैद्यकीय अधिकारीही तेच. असे असूनही चाळिसाव्या दिवशी वजने झाली, तेव्हा पहिल्या शेडमधील पक्षी सरासरी दोन किलोंच्या वर भरले आणि दुसऱ्या शेडमधील पक्षी त्यांच्यापेक्षा जवळजवळ दोनशे ग्रॅमने कमी भरले. हजार पक्ष्यांमागे दोनशे किलो मांस कमी! दुसरी शेड एका भगिनीची होती. तिने बँकेचे कर्ज काढून हा व्यवसाय उभारलेला. वाड्यावर कुजबुज सुरू झाली की, पहिल्याने पक्ष्यांना वाढीची इंजेक्शने दिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारधर्मात त्यामुळे कटुता आली.

खात्याच्या प्रचारफेरीच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो असता त्या भगिनीने विचारले, "साहेब, एकाच आईबापांची पिल्ले, मग माझीच हलकी कशी? त्यांनी सुई मारली असेल का?" आमच्यासमवेत असलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला उलट एकच प्रश्न केला, "वहिनी, पिल्ले आली त्या रात्री काय झाले होते?" तिने सांगितले की, त्या रात्री वीज गेली होती. अंधारात पिल्ले सोडायची कशी, म्हणून ती खोक्यांतच ठेवली. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यांना दाणापाणी मिळाले. अधिकारी म्हणाले, "तुमचे दोनशे किलो त्या रात्रीच गेले."

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. एका रात्रीचा हिशेब चाळीस दिवसांनी कसा चुकवावा लागतो, हे त्याला त्या वेळी उमगले नाही. म्हणून त्याने जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली आणि जे समजले ते कुक्कुटपालक, शिक्षक व खात्यातील सहकारी यांच्यासाठी पुढे मांडले आहे.

इंजेक्शनचा समज

प्रथम या समजाचा निकाल लावणे इष्ट होय. वाढीचे संप्रेरक हे एक प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर डाळीतील प्रथिनाप्रमाणे पोटात पचून जाते आणि त्याचा संप्रेरक म्हणून काहीही उपयोग होत नाही. उपयोग व्हावयाचा तर ते प्रत्येक पक्ष्याला वारंवार टोचावे लागेल. पाच-सहा आठवड्यांत विकावयाच्या हजार पक्ष्यांना असे टोचत बसणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणार नाही. शिवाय प्रयोगशाळेत तसे करून पाहिले असता ब्रॉयलरची वाढ फारशी वाढली नाही असेच दिसून आले. शेडमध्ये जी सुई किंवा थेंबांची बाटली लोकांच्या दृष्टीस पडते, ती बहुधा राणीखेतसारख्या रोगांवरील लशीची असते.

कुक्कुटपालनात औषधांसंबंधी काळजीचा विषय आहे तो प्रतिजैविकांच्या अविवेकी वापराचा. त्या कारणानेच भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिन या औषधाच्या वापरास बंदी घातली. तथापि पक्षी दोन किलोंचा का होतो, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत सापडत नाही. ते पक्ष्याच्या वंशात आणि त्याच्या पेशींच्या आत शोधावे लागते.

पन्नास वर्षांतील स्थित्यंतर

मांसासाठी वेगळी कोंबडी पाळावी ही कल्पना तशी अलीकडची. १९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागविली होती. चुकून ५०० आली. तिने ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली आणि त्यात तिला चांगला लाभ झाला. तेथून या धंद्याचा पाया घातला गेला असे मानतात. पुढे १९४८ साली त्या देशात 'उद्याची कोंबडी' या नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. भरदार छातीचा पक्षी कोण निर्माण करतो, हे पाहण्याचा तिचा उद्देश होता. कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हँट्रेस यांनी कॉर्निश व न्यू हॅम्पशायर या जातींच्या संकरातून तयार केलेल्या पक्ष्याने ती जिंकली. त्यानंतर प्रत्येक पिढीतील सर्वांत भरदार नरमाद्या निवडून त्यांचीच पैदास करण्याचे काम अखंड चालू राहिले. कोंबडीची पिढी अल्पावधीत बदलते. बैलांच्या बाबतीत ज्याला शतक लागेल, ते कोंबड्यांच्या बाबतीत काही दशकांत साधले.

याचे फलित कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने मोजून दाखविले आहे. तेथे १९५७ व १९७८ या सालांतील पक्ष्यांचे वंश, पुढे निवड न करता, जसेच्या तसे जतन करून ठेवले आहेत. हे दोन वंश आणि २००५ सालचा व्यापारी ब्रॉयलर असे तीन गट एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढविण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अशी होती :

१९५७ चा वंश – ९०५ ग्रॅम
१९७८ चा वंश – १,८०८ ग्रॅम
२००५ चा वंश – ४,२०२ ग्रॅम

खाद्य एक, दिवस तेवढेच, पण वजन चौपटीहून अधिक! तत्पूर्वी २००३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनीही अशीच तुलना करून दाखविले होते की, या वाढीचे ८५ ते ९० टक्के श्रेय वंशसुधारणेचे व उरलेले खाद्यसुधारणेचे आहे. इंजेक्शनाचा समज बाळगणाऱ्यांनी हे आकडे अवश्य ध्यानात घ्यावेत.

जनुक म्हणजे काय?

वंश बदलला म्हणजे नेमके काय बदलले? हे समजण्यासाठी मामलेदार कचेरीचे उदाहरण घेऊ. तेथे साऱ्या तालुक्याचे मूळ दप्तर कुलुपात असते. आपणांस एखाद्या जमिनीची माहिती हवी असली तर ते दप्तर कोणी आपल्या हाती देत नाही. त्यातील हव्या त्या पानाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्यातील एक-चौदा किंवा महाराष्ट्रातील सात-बारा, तेवढा काढून मिळतो. त्या उताऱ्यावर पुढची कामे होतात.

जिवंत पेशीचा कारभार बराचसा असाच चालतो. पेशीच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकात मूळ दप्तर असते. कोंबडीत ते गुणसूत्रांच्या ३९ जोड्यांत विभागलेले आहे. या दप्तराचे एकेक पान म्हणजे एकेक जनुक, आणि त्या पानावर बहुधा एखादे प्रथिन कसे बनवावे याची कृती लिहिलेली असते. पेशीला त्या प्रथिनाची गरज पडली की पानाची नक्कल काढली जाते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्याबरहुकूम पेशीतील कारागीर प्रथिन घडवितात. रानकोंबडीच्या तांबड्या जातीचे हे संपूर्ण दप्तर शास्त्रज्ञांनी २००४ साली वाचून प्रसिद्ध केले. त्यात सुमारे एक अब्ज अक्षरे आणि वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कोंबडीच्या डोळ्यातील, यकृतातील व छातीतील पेशींत हेच एक दप्तर असते. फरक पडतो तो कोणत्या पानाच्या नकला कोठे, केव्हा आणि किती निघतात यामुळे. नकला निघत असतील तर ते जनुक जागे आहे असे समजावे, निघत नसतील तर निजलेले. जनुकांच्या या जागेपणालाच जनुकांचे कार्य असे म्हणतात.

याचे एक सुंदर उदाहरण आपल्या सह्याद्रीशी निगडित आहे. ब्रॉयलरचे पाय व कातडी पिवळसर असते. मक्यासारख्या खाद्यातील पिवळे द्रव्य फोडून टाकणारे एक जनुक कोंबडीत आहे. पिवळ्या कातडीच्या कोंबडीत ते यकृतात जागे असते, पण कातडीत जवळजवळ निजलेले असते. म्हणून रंग कातडीत साठतो. २००८ साली असे सिद्ध झाले की, पाळीव कोंबडीकडे हा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आपल्या घाटातील रानात आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. प्रथिनाची कृती तीच राहिली आणि केवळ एका ठिकाणच्या नकला कमी झाल्या, एवढ्यावर पक्ष्याचे रूप बदलले.

अंड्यात घडणारे स्नायू

आता मांसाकडे वळू. मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू म्हणजे लांबट तंतूंची जुडी. सुंभाच्या दोरात काथ्याचे धागे असतात, तसे हे तंतू शेजारी शेजारी असतात.

अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. त्या काळात गर्भातील काही पेशी स्नायू होण्याचा मार्ग धरतात. त्यांना तो मार्ग दाखविणारी काही मुखत्यार जनुके असतात. त्यांपैकी 'मायोडी' नावाचे जनुक अमेरिकेतील सिएटल येथे हॅरोल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत १९८७ साली ओळखण्यात आले. उंदराच्या साध्या जोडपेशीत हे एकच जनुक जागे केले असता ती पेशी स्नायुपेशी होऊ लागते, असे तेथे दिसले. एखाद्या कचेरीत नवा मुख्य अधिकारी यावा आणि त्याच्या हुकुमाने साऱ्या खोल्यांतील कपाटे उघडली जावीत, तसे हे कार्य असते. मायोडीचे प्रथिन इतर अनेक स्नायुजनुकांना जागे करते; मग त्या पेशी एकमेकींत मिसळून तंतू तयार होतात.

अंड्यातून पिल्लू बाहेर येते, तोवर छातीतील तंतूंची संख्या बहुतेक ठरून गेलेली असते. पुढे तंतू जाड होतात व लांबतात, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. बाजारासाठी पैदास केलेल्या ब्रॉयलरमध्ये ही मूळ संख्या अंड्यांच्या कोंबडीपेक्षा अधिक असते आणि प्रत्येक तंतूही अधिक जाड होतो.

राखीव पेशी

तंतू जाड व्हावयाचा तर त्यात प्रथिनांची भर पडली पाहिजे. प्रथिने बनवायला नकला हव्यात आणि नकला काढायला केंद्रके हवीत. एका तलाठ्याने किती गावांचे उतारे काढावेत, याला मर्यादा असते. गावे वाढली तर तलाठी वाढवावे लागतात. स्नायुतंतूचेही तसेच आहे. परंतु तंतूतील केंद्रके स्वतः विभागून वाढू शकत नाहीत. ही अडचण निसर्गाने राखीव पेशी ठेवून सोडविली आहे. तंतूच्या अंगालगत, त्याच्या आवरणाखाली, या लहान पेशी चिकटून बसलेल्या असतात. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम दाखविल्या. गरज पडली की या पेशी विभागतात व त्यांतील काही तंतूत विलीन होऊन आपली केंद्रके त्याला देऊन टाकतात. जितकी केंद्रके अधिक, तितकी त्या तंतूची पुढे भरण्याची कुवत अधिक.

कोंबडीच्या पिल्लात या राखीव पेशींची सर्वाधिक धावपळ अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असते. नंतर त्या हळूहळू शांत होतात. सत्तरीतील त्या रात्रीचे मर्म येथे आहे.

इझ्राएलमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवजात पिल्लांना पहिले दोन दिवस उपाशी ठेवले. त्यांच्या छातीतील राखीव पेशींची वाढ मंदावली आणि पुढे पोटभर खाद्य मिळूनही बाजाराच्या वयापर्यंत त्यांच्या छातीचे मांस कमीच राहिले. तोच उपवास काही दिवसांनी उशिरा घडविला तर इतके नुकसान होत नाही. याचे कारण असे की, पोटात अन्न गेले म्हणजे शरीरात वाढीची सूचना देणारी द्रव्ये तयार होतात. इन्सुलिनसारखे एक वाढकारक द्रव्य त्यांतले प्रमुख होय. त्या सूचनेने राखीव पेशींतील जनुके जागी होतात. सूचना वेळेवर न आल्यास ती संधी निघून जाते. भातशेतीत लावणीचा हंगाम चुकला तर पुढे कितीही खत घातले तरी भरपाई होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

पिल्लाच्या पोटात शिल्लक असलेल्या बलकावर ते दोन-तीन दिवस जगू शकते, हे खरे. दूरच्या प्रवासात पिल्ले तग धरतात ती त्यामुळेच. परंतु पिल्लू जगले म्हणून त्याची वाढ नीट चालली आहे असे होत नाही.

पराणी आणि कासरा

गाडीवानाजवळ बैल हाकण्यास पराणी आणि आवरण्यास कासरा असतो. स्नायूंच्या वाढीतही असे दोन्ही प्रकार आहेत. वर सांगितलेले वाढकारक द्रव्य पराणीचे काम करते. कासऱ्याचे काम करणारे 'मायोस्टॅटिन' नावाचे प्रथिन अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली व अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी १९९७ साली शोधून काढले. ज्या उंदरांत याचे जनुक निकामी केले, त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियममधील निळसर पांढऱ्या, अवाढव्य मांड्यांच्या गुरांत हेच जनुक निसर्गतः बिघडलेले असते, असेही त्याच वर्षी उघडकीस आले. २०२० साली दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कोंबडीतील हे जनुक निकामी करून छातीचे व पायांचे स्नायू वाढल्याचे दाखविले.

यावरून कोणी असा तर्क करील की, बाजारातील ब्रॉयलरचा कासरा तुटलेला असावा. तसे नाही. त्याचे मायोस्टॅटिन जनुक शाबूत असते. ब्रॉयलरची वाढ कोणा एका जनुकाची करामत नव्हे. अनेक पिढ्यांच्या निवडीत शेकडो जनुकांच्या कार्यात थोडा थोडा बदल होत गेला. भूक वाढली, तंतू वाढले, प्रथिने बनण्याचा वेग वाढला, आणि बनलेली प्रथिने मोडण्याचा वेग अंड्यांच्या कोंबडीपेक्षा कमी झाला. मिळकत वाढवून खर्च कमी करणाऱ्या संसारासारखी या पक्ष्याची छाती भरत जाते.

वेगवान वाढीची किंमत

वाढीची ही कथा सांगताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. स्नायू झपाट्याने वाढले, पण त्या प्रमाणात हृदय, फुप्फुसे, हाडे व रक्तवाहिन्या वाढल्या नाहीत. त्यामुळे काही पक्ष्यांच्या पोटात पाणी साठते, काही लंगडतात, काही धडधाकट दिसत असता एकाएकी उलथून मरतात.

फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ साली छातीचे मांस लाकडासारखे कडक होण्याच्या विकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी अशा मांसातील जनुकांच्या नकला मोजल्या. ज्या डेलावेअरमध्ये १९२३ साली हा धंदा सुरू झाला, तेथेच त्याचा हा हिशेब मांडला गेला. प्राणवायू अपुरा पडल्याची आणि पेशींवर ताण आल्याची खूण त्या जनुकांच्या कार्यात स्पष्ट दिसली. जाड झालेल्या तंतूंना पुरेसे रक्त पोचत नाही आणि स्नायू आतून मोडू लागतो. ज्यांच्यापासून ब्रॉयलर पिल्ले मिळतात त्या पैदाशीच्या नरमाद्यांना तर मोजूनच खाद्य द्यावे लागते. त्यांना पोटभर दिले तर त्या लठ्ठ होऊन त्यांची प्रजननक्षमता ढासळते. भूक वाढविलेल्या प्राण्याला अर्धपोटी ठेवावे लागते, हा या सुधारणेतील पेच जाणत्यांना अस्वस्थ करीत आला आहे.

जनुकांच्या अभ्यासातून काही उपायही निघाले आहेत. कोंबडीच्या एका खुज्या वंशात वाढीच्या संप्रेरकाची हाक ऐकणारे जनुक बिघडलेले असते. संप्रेरक असते, पण पेशींना ते ऐकू येत नाही. त्यामुळे मादी लहान चणीची राहते व खाद्य कमी खाते. हे जनुक लिंगसूत्रावर असल्याने अशा खुज्या मादीला भरदार नर दिला असता पिल्ले मात्र जवळजवळ नेहमीच्या आकाराची होतात. उष्ण प्रदेशात उपयोगी पडणारा उघड्या मानेचा वंशही असाच. त्याच्या मानेवर पिसे नसल्याने अंगातील उष्णता सहज बाहेर पडते. परसात पाळावयाची असेल तर ब्रॉयलर मुळीच निवडू नये. हैदराबाद येथे १९८८ साली सुरू झालेल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा यांसारखी कोंबडी त्या कामी योग्य होय. तिची वाढ ब्रॉयलरएवढी वेगवान नसते, पण ती चरून खाते आणि टिकते.

आणखी एक सूचना. ब्रॉयलर हा अनेक वंशांच्या संकराचा पक्षी आहे. त्यातील चांगली जोडी राखून घरच्या घरी पैदास केली तर पुढील पिढीत आईबापांचे गुण विस्कळित होतात. तो खटाटोप करून वेळ व पैसा घालवू नये.

कुक्कुटपालकांनी काय करावे?

वंश आपल्या हाती नाही. तो उबवणी केंद्रातून जसा येतो तसा येतो. परंतु त्या वंशातील जनुकांना वेळेवर जागे करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. पिल्ले येण्यापूर्वी किमान एक दिवस शेड धुऊन, भाताच्या तुसाची गादी पसरून तयार ठेवावी. पिल्ले येण्याआधी काही तास ब्रूडर पेटवून गादी उबदार करावी.

२. विजेवर विसंबून राहू नये. कोळशाची शेगडी किंवा गॅसचा ब्रूडर आणि कंदील हाताशी असावा. शेगडी वापरताना धूर कोंडणार नाही व आग लागणार नाही याची दक्षता घ्यावी.

३. पिल्ले कोणत्याही वेळी येवोत, ती तत्काळ खोक्यांतून बाहेर काढून प्रथम स्वच्छ, किंचित कोमट पाणी व लगेच खाद्य द्यावे. पहिल्या दिवशी गादीवर कागद अंथरून त्यावरही खाद्य पसरावे.

४. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान राखावे. नंतर दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी ते उतरवावे. पिल्ले ब्रूडरखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते, दूर भिंतीला पळाली तर उष्णता अधिक होते, आणि सर्वत्र सारखी पसरली तर तापमान योग्य आहे, असे समजावे.

५. पहिल्या चोवीस तासांच्या अखेरीस काही पिल्ले हाती घेऊन गळ्याखालील अन्नाची पिशवी चाचपून पाहावी. जवळजवळ प्रत्येकाची पिशवी भरलेली व मऊ लागली पाहिजे.

६. पहिल्या व सातव्या दिवशी थोड्या पिल्लांचे वजन करून नोंद ठेवावी. सुमारे चाळीस ग्रॅमचे पिल्लू सातव्या दिवशी निदान चौपट भरले पाहिजे. तसे न भरल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. चाळिसाव्या दिवशी तक्रार करून उपयोग होत नाही.

७. वय वाढल्यावर गर्दी करू नये. उन्हाळ्यात भर दुपारी खाद्य काढून घ्यावे, थंड पाणी भरपूर द्यावे आणि शेडमध्ये वारा खेळता ठेवावा. पक्ष्याचे हृदय त्याच्या छातीएवढे बलवान नसते, हे विसरू नये.

शिक्षकांसाठी

हा विषय शाळेत शिकविण्यास महागडी साधने लागत नाहीत. गावात ब्रॉयलरची शेड असेल तर मालकाच्या अनुमतीने विद्यार्थ्यांनी दर आठवड्यास दहा पक्ष्यांचे वजन करावे आणि त्याच वयाची गावठी पिल्ले मिळाल्यास त्यांचेही करावे. दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढला की वंशाचा प्रभाव मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग कचेरीतील दप्तराचे व उताऱ्याचे उदाहरण द्यावे. जनुक हा शब्द पाठ करण्यापेक्षा, तेच दप्तर असूनही नकला कमीअधिक निघाल्याने काय होते, हे मुलांच्या मनावर ठसविणे अधिक मोलाचे आहे.

उपसंहार

सत्तरीतील त्या भगिनीने पुढची खेप घेतली, तेव्हा पिल्ले पुन्हा रात्रीच आली आणि वीज पुन्हा गेली. या खेपेस मात्र शेगडी तयार होती, कंदील होता आणि गादी आधीच उबदार केलेली होती. कंदील धरून उभा होता तो तोच शेजारी, ज्याच्यावर सुईचा आळ आला होता. पिल्ले एकेक करून त्यानेच पाण्याला लावली. चाळिसाव्या दिवशी दोन्ही शेडच्या वजनांत नाव घेण्याजोगा फरक उरला नाही.

जनुकांचे शास्त्र मोठ्या देशांतील मोठ्या प्रयोगशाळांत घडले, हे खरे. तथापि त्याचे फळ घ्यावयाचे तर ते पिल्ले येतात त्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, आपल्याच हातांनी घ्यावे लागते. कुक्कुटपालक बंधुभगिनींनी ती पहिली रात्र व तो पहिला आठवडा सांभाळावा. काही शंका उद्भवल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य विचारणा करावी. आणि शेजाऱ्याच्या शेडमध्ये सुई शोधण्याआधी आपल्या शेडमधील थर्मामीटर पाहावा.